हवेच्या स्क्रूचा एक आटा

बद्रुद्दीन मिस्त्री डोळे मिटून गाडी दुरुस्त करायचा. अमरावतीला राजापेठेत त्याचं दुकान होतं, आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं, हा माणूस डुलक्या घेतोय. इंजिन चालू करून तो शेजारी उकिडवा बसे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवी, मूठ कानाशी धरी आणि डोळे मिटून घेई. दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू इतक्या हळू फिरवी, की फिरतोय की नाही तेही कळू नये. मग एका क्षणी इंजिनाचा आवाज सरळ व्हायचा. 'सरळ' हा त्याचाच शब्द. मोटारसायकलचा आवाज सरळ कसा असतो ते मला त्याच्या बाकड्यावर बसून बसून कळलं, आणि कळल्यावर मी त्या विद्येचं काय केलं तेच आज लिहायला बसलोय.

मी रामराव. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो, आता घरी बसलोय. ग्रेडर म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याने गाडीभर कापूस आणायचा, मी त्यातला एक पुंजका उचलून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, धाग्याची लांबी बघायची आणि प्रत ठरवायची. मी म्हणालो तीच प्रत. आमचं केंद्र एका जुन्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात होतं. अमेरिकेत आपसातली लढाई चालली होती आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा बांधलेलं ते जिन, असं म्हणत. त्या आवारात माझा शब्द फिरवणारा कोणी नव्हता. दहा-बारा वर्षं असं चाललं की माणसाला वाटायला लागतं, आपल्या चिमटीला सगळंच कळतं. मला तसं वाटायला लागलं होतं.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. माझ्याकडे टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. त्या काळी चार गाडीवाले जमले की पोराबाळांच्या आधी एकमेकांच्या गाडीचं अॅव्हरेज विचारत. त्याची परीक्षा बद्रुद्दीनच्या दुकानातच व्हायची. सलाईनची रिकामी बाटली हँडलला टांगायची, तिची नळी थेट कार्बोरेटरला लावायची, बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल भरायचं आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला लागायचं. पेट्रोल संपून गाडी जिथे बंद पडेल तिथे मीटर वाचायचा आणि गाडी ढकलत परत यायचं. भर बाजारातून आपली चालती गाडी ढकलत येणाऱ्या माणसाला राजापेठेत कोणी हसत नसे, सगळे फक्त आकडा विचारत.

माझा आकडा आला चार पूर्णांक चार किलोमीटर, म्हणजे लिटरला चव्वेचाळीस. आमच्या केंद्रावरच्या महादेवराव काटेवाल्याचा आला पन्नास. तो वजनाच्या काट्यावर बसणारा माणूस, आणि मी ग्रेडर. माझ्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बद्रुद्दीनकडे गेलो आणि त्याला म्हटलं, हवा वाढव, पेट्रोल कमी कर. त्याने गाडी चालू केली, ऐकली, बंद केली. मग प्लग खोलून माझ्या तळहातावर ठेवला. प्लगचं टोक काळं पडलं तर गाडी पेट्रोल जास्त पिते, पांढरं पडलं तर उपाशी आहे, आणि कमी दुधाच्या चहासारखं तांबूस असलं तर सगळं बरोबर, हे तो प्रत्येक गिऱ्हाईकाला शिकवायचा. माझा प्लग अगदी चहाच्या रंगाचा होता. तो म्हणाला, तुमची गाडी जड हाय, महादेवरावची हलकी. हिच्यात याच्यापुढे हवा वाढवली तर इंजिन तापेल, आणि तापलं की पिस्टन जागच्या जागी धरेल. मी हट्टच धरला. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती, तो त्यांच्यादेखत हात पुसत म्हणाला, "साहेब, कापूस तुमी सांगसान तसा. गाडी म्या सांगन तशी."

बोलला ते हसत बोलला. लोकही हसले. मीसुद्धा हसलो आणि घरापर्यंत धुमसत आलो.

सेटिंग झालं की तो स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूपर्यंत टोच्याने एक बारीक ओरखडा काढायचा. स्क्रू कोणी हलवला तर ओरखड्याचे दोन तुकडे दोन दिशांना दिसतात. शिवाय त्याला आटे पाठ असत. कुठल्या गाडीचा स्क्रू घट्ट आवळून मग किती आटे, म्हणजे पूर्ण फेरे, सैल ठेवला ते तो महिन्यांनंतरही सांगे. माझ्या गाडीचा होता दीड; जितका सैल तितकी हवा जास्त.

त्या रविवारी दुपारी मी अंगणात बसलो आणि हवेचा स्क्रू बरोबर एक आटा सैल केला. अर्धा नाही, पाऊण नाही, पूर्ण एक. कारण पूर्ण एक आटा फिरवला की ओरखडा पुन्हा होता तिथेच येऊन जुळतो. बघा, अक्कल नव्हती असं मला म्हणताही येत नाही.

बाटली लावून मीच एकटा बडनेऱ्याच्या रस्त्याने गेलो. आकडा आला पाच पूर्णांक तीन. सोमवारी केंद्रावर मी त्रेपन्न म्हणून सांगितलं तेव्हा महादेवरावचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळ्यांनी विचारलं, कोणाचा हात लागला. मी म्हणालो, हात कोणाचाच नाही, गाडी चालवायची पद्धत असते. आवाज थोडा बदलला होता. कोरड्या खोकल्यासारखा एक ठसका मधूनमधून यायचा. तो मला ऐकू येत होता. बद्रुद्दीनच्या बाकड्यावर बसून मीच तर ते ऐकायला शिकलो होतो.

दोन महिने काही झालं नाही. गावातल्या गावात, एकट्या माणसाला घेऊन, गाडी चालत राहिली.

डिसेंबरात माझी धाकटी बहीण वच्छला आणि तिचा नवरा खुशालराव आमच्याकडे एका साखरपुड्याला आले होते. खुशालराव तिवस्याचा, काळ्या जमिनीचा शेतकरी, मन लावून शेती करणारा आणि मन लावून जेवणारा. तिसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला, की त्याच्या आईची तब्येत एकाएकी बिघडली आहे. एसटीला अजून दीड तास होता. मी किल्ली काढून दिली. थंडी मरणाची होती, गाडीवर दोन माणसं, मागे कपड्यांची पेटी, समोर चाळीस किलोमीटर. त्या वेळी मला स्क्रूची आठवण झाली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आठवण झाली नव्हती. झाली होती. स्क्रूड्रायव्हर आत फडताळात होता, उठून आणायचा कंटाळा आला, आणि घरच्या जावयासमोर गाडीला खुडबूड करणं बरं दिसलं नसतं. उलट किल्ली हातात ठेवताना मी त्याला म्हणालो, लिटरला त्रेपन्न देते, बघा.

मोझरीच्या अलीकडे, साठच्या वेगात, पिस्टन धरला. मागचं चाक फिरायचं थांबलं आणि गाडी आडवी होऊन घसरत पुलाच्या कठड्यापर्यंत गेली. वच्छला मातीत फेकली गेली, तिचे दोन्ही हात सोलून निघाले. खुशालरावचा उजवा गुडघा गाडी आणि दगडाच्या मधे सापडला. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने दोघांना अमरावतीच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच भल्या माणसाने दुपारी गाडीही माझ्या अंगणात आणून टाकली.

मी तेव्हा दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आलो होतो. गाडी बघितली. चालत फडताळापर्यंत गेलो, सकाळी ज्याचा कंटाळा आला होता तो स्क्रूड्रायव्हर आणला, आणि हवेचा स्क्रू एक आटा आत फिरवला. ओरखडा ओरखड्याला जुळला. माझी बायको सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय करून राहिले?" तिने विचारलं.

पेट्रोल गळतंय का बघतोय, असं मी म्हणालो. ती आत गेली. त्यानंतर हा प्रश्न तिने मला कधी विचारला नाही, आणि मला आजही कळलेलं नाही की तो विश्वास होता की किळस.

खुशालरावचा थोरला भाऊ नत्थुजी संध्याकाळच्या आत चार माणसं घेऊन आला. गाडी ढकलत आम्ही राजापेठेत नेली. बद्रुद्दीनने आधी जावयाची विचारपूस केली. मग कोणी काही म्हणायच्या आत खाली बसून प्लग काढला. प्लग पांढरा, चुन्यासारखा. हेड खोललं, पिस्टनवर उभे ओरखडे. त्याने मला विचारलं, पेट्रोलमध्ये ऑइल टाकलं होतं ना? टाकलं होतं. त्याने सांध्यांमधली सगळी गास्किटं तपासली, कुठून आगाऊ हवा शिरते का पाहिलं. कुठूनच शिरत नव्हती. शेवटी त्याने स्क्रूवरचा ओरखडा पाहिला. तो जुळत होता. तरी त्याचं समाधान झालं नाही. स्क्रू आत घट्ट होईपर्यंत फिरवत त्याने आटे मोजले, ओठ हलवत. एक. दीड.

त्याने पुन्हा सैल करून पुन्हा मोजले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला मला एवढा वेळ मिळाला होता की त्यात माणूस जेवून उठला असता.

नत्थुजीने विचारलं, ही गाडी कोणी सेट केली होती.

"म्याच केल्ती," बद्रुद्दीन म्हणाला. आणि जमिनीकडे बघत, "माहीच चूक दिसते."

नत्थुजीने त्याची हत्यारांची पेटी उचलून समोरच्या नालीत पालथी केली. बद्रुद्दीन उठला नाही. तो हातातल्या पांढऱ्या प्लगकडे बघत होता.

दोन दिवसांनी तो बिस्किटांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. खुशालराव वेदनेने हैराण झालेला, त्याने भरल्या वॉर्डात बद्रुद्दीनला नको नको ते ऐकवलं, चोर म्हटलं, नजरेसमोरून जा म्हटलं. मी बद्रुद्दीनचा दंड धरून त्याला बाहेर फाटकापर्यंत नेलं. मला भीती होती की हा आणखी काही विचारेल, आटे, ओरखडा, बाटली, काहीतरी. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो म्हणाला की दोन दिवस त्याला झोप नाही. सेटिंग आश्विनातल्या उन्हात केली होती, गाडी पौषातल्या थंडीत चालली, थंड हवा दाट असते, तेवढा फरक त्याला धरता आला नसेल. दुसरं कारण सापडत नाही. म्हणाला, "साहेब, वीस वरसं हो, कानानं मले कधी धोका नाई देल्ला."

त्यावर मी काय म्हणालो ते लिहितो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होते असं, मिस्त्री. मानसाच्या हातून चूक होतेच."

म्हणजे मी त्याला माफ केलं. तो रडला. दवाखान्याच्या फाटकात, बिस्किटांचा पुडा हातात धरून, माझ्यासमोर तो रडला, आणि मी त्याला पाणी प्यायला दिलं. माझ्या आयुष्यात मी बरीच नालायकी केली असेल, पण या पाण्याच्या ग्लासाएवढी दुसरी आठवत नाही.

माझी गाडी त्याने नवा पिस्टन घालून दिली आणि एक पैसा घेतला नाही. फक्त तो जुना प्लग स्वतःकडे ठेवतो म्हणाला. कार्बोरेटरला मात्र त्याने हात लावला नाही, ते शेजारच्या मिस्त्रीकडून करून घ्या म्हणाला. मग इतरांनाही तो तेच सांगू लागला. नत्थुजीने गावभर त्याचं नाव खराब केलं होतंच, पण खरं तर गिऱ्हाईकांनी त्याला सोडण्याआधी त्यानेच गिऱ्हाईकांना सोडलं. गाडी चालू करायचा, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा, आणि दोन मिनिटांनी खाली ठेवून द्यायचा. वर्षभरात दुकान बंद झालं. बायको हलीमाबीचं माहेर परतवाड्याला होतं, तिकडे सगळे निघून गेले असं कानावर आलं. मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

खुशालरावचा गुडघा पुन्हा वाकला नाही. आई त्याची वाचली, ती पुढे आठ वर्षं जगली. पण मांडी घालून पंगतीत बसणारा तो माणूस आजतागायत एकटा स्टुलावर बसून जेवतो, पाय समोर लांब करून. सणावारी मी त्याच पंगतीत मांडी घालून जेवत आलो. त्यांच्या घरात एखादं काम बिघडलं, शिवण वाकडी गेली, भाकर करपली, की 'बदरूचं काम' म्हणायची रीत पडली. ज्या सुनांनी त्याला कधी पाहिलं नाही त्याही म्हणायच्या. हसायचे सगळे. मीही हसायचो, कारण न हसणारा एकटा मी दिसलो असतो.

अशी बावीस वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात परतवाड्याला एका लग्नाला गेलो होतो. पाहुण्यांची स्कूटर घेऊन बाजारात निघालो तर चाक बसलं. कोणीतरी म्हणालं, बसस्टँडजवळ एक म्हातारा पंक्चर काढतो. स्कूटर ढकलत गेलो आणि बघतो तर बद्रुद्दीन. दाढी पांढरी झालेली, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसलेला. मागे फिरावं असं वाटलं, पण त्याने मान वर केली आणि ओळखलं.

पहिला प्रश्न त्याने विचारला, "जवायाचा पाय कसा हाय?"

मी काहीतरी बोललो, त्याला ऐकू गेलं नाही. शेजारी त्याची मुलगी शहाजादी चहाची टपरी चालवते. तिने येऊन माझं बोलणं त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं. अब्बांचे कान गेले, पाच-सहा वर्षं झाली, असं ती मला म्हणाली. तेवढ्यात एक तरुण मोटारसायकल घेऊन आला. त्याला कार्बोरेटर सेट करून हवा होता. बद्रुद्दीनने त्याचे हातवारे बघूनच मान हलवली आणि पुढच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तरुण म्हणाला, तुमचा हात फार भारी होता असं माझे वडील सांगतात. शहाजादीने ते वाक्य त्याच्या कानात सांगितलं.

"माह्या हातून एकाचा पाय गेला," बद्रुद्दीन त्याला म्हणाला, "तवापासून नाई करत."

शहाजादीने मला चहा दिला. तिला हे माहीत नव्हतं की अपघातातली ती गाडी माझी होती, म्हणून तिने मोकळेपणी सांगितलं. अब्बांनी एक पांढरा प्लग जपून ठेवलाय. तो तिथेच आहे, पंक्चरच्या पट्ट्यांच्या डब्यात. थंडी पडायला लागली की काढतात, पुसतात आणि बघत बसतात. अम्मी होती तेव्हा चिडायची, फेका म्हणायची. "ते म्हणतेत, मले फक्त काहून झालं ते कळू दे, मंग फेकतो."

मी चहा संपवला, पंक्चर काढून घेतलं आणि निघून आलो. त्या दिवशीही सांगितलं नाही. बावीस वर्षांची सवय एका चहात जात नाही.

पण घरी अन्न गोड लागेना. तो माणूस चुकला म्हणून दुःखी असता तर मी कदाचित तसाच मेलोही असतो. पण तो अजून शोधत होता. जी गोष्ट माझ्या खिशात होती ती तो पंक्चरच्या डब्यात शोधत होता, दर हिवाळ्यात. आठ दिवसांनी मी तिवस्याला गेलो. वाटलं, ज्याचा पाय गेला त्याला आधी सांगायला हवं.

खुशालराव ओसरीवर स्टुलावर बसला होता, वच्छला तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं, फडताळापासून पाण्याच्या ग्लासापर्यंत. वच्छलाचे हात थांबले. ती उठली, सूप तिथेच ठेवून आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. खुशालरावने स्टुलाला टेकवलेली काठी हातात घेतली. मला वाटलं, आता काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "पायाचं म्या कवाच सोडून देल्लं. पन त्या मानसाले म्या भरल्या दवाखान्यात चोर म्हनलो." मग म्हणाला, "मले सांगून काय करता? त्याले जाऊन सांगा. माहा पाय गाडीवर बसत नाई, नाई तं म्याच संगं आलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतवाड्याला गेलो. त्याच जुन्या गाडीवर गेलो, ती अजून आहे माझ्याकडे. वाटेत वाक्यं जुळवली होती. बाजूला बोलावीन, जवळ बसेन, हळूच सांगेन. चांगली वाक्यं होती.

बद्रुद्दीन आपल्या जागेवर होता. बाजाराचा दिवस, बसस्टँडसमोर ही गर्दी. मी त्याच्याजवळ बसलो आणि पहिलं वाक्य बोललो. त्याने कानामागे हात धरला. मी परत बोललो. त्याने मान हलवली. शहाजादी टपरीवरून हात पुसत आली आणि म्हणाली, "काय सांगाचं हाय, मले सांगा. मी सांगतो त्याईले."

तिच्या तोंडून ते वदवून घ्यायचं? तिच्या बापाला तिने सांगायचं? तेवढा नीच मी उरलो नव्हतो, किंवा त्या सकाळी तरी नव्हतो. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मिस्त्री, स्क्रू म्या फिरवला होता."

"काय?"

"हवेचा स्क्रू. जवायाच्या अपघाताच्या आधी. म्या फिरवला होता."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. शेजारच्या दुकानातला पान्याचा आवाज थांबला. बद्रुद्दीन माझ्या ओठांकडे बघत होता. मी स्कूटरवाल्यांच्या, प्रवाशांच्या, भाजीवाल्या बायांच्या देखत तिसऱ्यांदा ओरडलो, की तू नाही म्हणाला होतास तरी मी चोरून हवा वाढवली, आणि गाडी पडल्यावर तू बघायच्या आधी चोरूनच परत फिरवली. बावीस वर्षं जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही ती परतवाड्याच्या बसस्टँडला सांगितली. शहाजादी माझ्याकडे अशी बघत होती की मी तिच्याकडे परत बघू शकलो नाही.

बद्रुद्दीनला कळलं. त्याने शांतपणे विचारलं, "किती?"

मी एक बोट वर केलं.

त्याने डोळे मिटले. अगदी तसेच, राजापेठेत मिटायचा तसे. ओठ हलले. उजव्या हाताची बोटं स्क्रू धरल्यासारखी हवेत एकदा गोल फिरली. "दीड अन् एक," तो स्वतःशी म्हणाला, "अडीच. अडीचवर तं धरनारच." मग डोळे उघडून तो माझ्याकडे नाही, मुलीकडे वळला. त्याचा चेहरा बदलला होता. बहिरा माणूस आपला आवाज किती मोठा आहे हे विसरतो, तसं तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला:

"सुना बेटा? माहा कान बरोबर होता."

शहाजादीने पदर तोंडाला लावला. हलीमाबीला हे ऐकायला मिळालं नाही, ती चार वर्षांपूर्वी गेली. मी खाली बसलो आणि त्याला म्हणालो, मला माफ करा. हे मात्र माझ्या तोंडून हळू निघालं, त्याला ऐकू गेलं नसावं. दुसऱ्यांदा ओरडून म्हणायची माझी छाती झाली नाही. माफी त्याच्याकडे ओरडून मागायची म्हणजे गर्दीला साक्षीला धरून त्याला अडवण्यासारखंच झालं असतं.

मी उठून गाडीला किक मारली. त्याने हात करून थांबवलं. स्क्रूड्रायव्हर शोधला, इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. बराच वेळ तसाच बसला. इंजिन चालू होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. जो कान बरोबर होता, तो आता नव्हता.

मग त्याने पट्ट्यांचा डबा उघडला, फडक्यात गुंडाळलेला प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला, बावीस वर्षांपूर्वी चहाच्या रंगाचा ठेवला होता तसाच.

"माहं काम झालं याच्यासंगचं," तो म्हणाला. "आता हे तुमी ठेवा."

आणि घमेल्यात ट्यूब बुडवून तो पुढच्या गिऱ्हाईकाचे बुडबुडे बघू लागला. प्लग माझ्या फडताळात आहे, स्क्रूड्रायव्हरशेजारी. सुभद्राने तो काल पाहिला आणि काही विचारलं नाही, तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.